कुंडल रोडचा माळ

औंध संस्थानाचा जुना नकाशा सलग नाही. खुद्द औंध खटावच्या बाजूला, आटपाडी माणदेशाच्या पूर्व टोकाला, कुंडल तासगावजवळ कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळचं ठाणं थेट विजापूरच्या मुलखात. मधे सगळीकडे इंग्रजांचा सातारा जिल्हा, शिवाय सांगली, मिरज, जत अशा शेजारी संस्थानांच्या हद्दी. सगळी मिळून ७२ गावं आणि सुमारे ५०० चौरस मैल जमीन. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना राज्य बदलायचं, पोलीस बदलायचे, कोर्ट बदलायचं.

ही रचना कुणी ठरवून केली नव्हती. जिंजीच्या वेढ्याच्या धामधुमीत छत्रपती राजारामांनी प्रतिनिधी हे पद निर्माण केलं. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्याकडे आलं. पिढ्यानपिढ्या जिथे जिथे इनामं आणि जहागिरी मिळाल्या, तिथे तिथे प्रतिनिधींचं गाव झालं. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं तेव्हा ही जहागीर वाचली आणि थेट कंपनी सरकारशी जोडली गेली. खालसा मुलखात तिचे तुकडे तसेच राहिले.

कारभाराच्या दृष्टीने असं राज्य चालवणं ही कटकटच. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा-सांगलीकडे ज्या मोठ्या गोष्टी घडल्या, त्यांतल्या कितीतरी याच तुकड्यांवर घडल्या, आणि माझ्या मते तो योगायोग नव्हता. इंग्रजी जिल्ह्यात कलेक्टर तीन वर्षांनी बदलायचा आणि सवलत मागणाऱ्याचा कागद टेबलाटेबलांवरून फिरत राहायचा. इथे राजा एकच होता, तो घोड्यावरून फिरता येईल एवढ्याच राज्याचा धनी होता आणि माणसाची पारख करून शब्द देत होता. या सगळ्या तुकड्यांपैकी कुंडलचा तुकडा सर्वांत भरगच्च इतिहासाचा, म्हणून मी तोच घेतो.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. चाळिशी ओलांडलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले, स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, पहाटे सूर्यनमस्कार घालणारे आणि प्रजेकडून घालून घेणारे. त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत सापडले होते. १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेला, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक आरेखनाकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. हक्काची बढती गोऱ्या कातडीच्या माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे आला. भावांचं सायकलींचं दुकान होतं. त्यातून कडबा कापायची यंत्रं आली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

हा नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाचा फाळ लागला की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण पिढ्यानपिढ्या लाकडी नांगराने कसलेली जमीन हेच ज्याचं सगळं भांडवल, त्याने अनोळखी अवजारावर ते पणाला का लावावं? पण काळ्या रानात हराळी आणि कुंदा एकदा माजला की लाकडी नांगराचं काही चालत नसे. सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपूनही तो माती नुसती फाडायचा. लोखंडी नांगर ढेकळं उलथी करायचा, मुळ्या उन्हात उघड्या टाकायचा. ज्यांनी तो एक हंगाम वापरला ते शेजाऱ्यांना सांगू लागले आणि मागणी हळूहळू रुजली. नेमकी तेव्हाच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. लक्ष्मणरावांकडे ना दुसरी जागा, ना ती घ्यायला पैसा.

बाळासाहेबांची आणि त्यांची ओळख जुनी होती. औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं. अडचण कानावर जाताच राजांनी संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी राजधानीचं औंध निवडलं नाही, सुपीक कुंडल गावही निवडलं नाही. त्यांनी कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनलगतचा ३२ एकरांचा माळ मागितला, कारण पुणे-मिरज मीटरगेज तिथून जात होती. बीड लोखंड आणि कोळसा आत यायला आणि नांगर बाहेर जायला रूळ हवेत, बाकी सगळं उभं करता येईल असा तो हिशेब होता. १० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीची स्थापनेची तारीख मानतात.

माळावर निवडुंग माजलेला होता आणि त्यात नाग. पाणी दूर, छप्पर नाही. बेळगावहून आलेले कामगार बायकापोरांसह इथे उतरले तेव्हा त्यांच्यासमोर गाव नव्हतंच. ते आधी करायचं होतं. रामूअण्णांनी वस्तीची जबाबदारी घेतली: रस्ते, विहीर, दुकान, दवाखाना. शंभूराव जांभेकर यंत्रं आणि ओतकाम बघत. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत. शाळेत नापास झालेले अनंतराव फळणीकर इथे उत्तम यंत्रकार झाले. या मंडळींपैकी कुणाकडे त्या कामाची मोठी पदवी नव्हती, आणि लक्ष्मणरावांनी ती मागितलीही नाही. माणूस काय करू शकेल याचा अंदाज बांधायचा आणि काम त्याच्या अंगावर टाकून द्यायचं, ही त्यांची भरतीची पद्धत होती.

सर्वांत धाडसी भरती राखणदारांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही दोन नावं त्या काळी पंचक्रोशीत दहशतीने घेतली जात. दरोडेखोर म्हणून शिक्षा भोगून आलेली ही माणसं. इंग्रजी कायदा त्या वेळी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवून त्यांच्या रोज हजेऱ्या घेत होता. लक्ष्मणरावांनी या दोघांच्या हाती रात्रीची राखण दिली आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही दंडक सुरुवातीपासून होता. १९१० च्या साताऱ्याकडच्या मुलखात, जिथे गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, तिथे एका कारखानदाराने हे करणं मला त्याच्या नांगराहून मोठं काम वाटतं.

कारखान्याभोवती गाव वसवण्याची कल्पना जगात नवीन नव्हती. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने १८८० च्या दशकात असं देखणं गाव उभारलं होतं. पण तिथे घरमालक कंपनी, दुकानदार कंपनी, देवळाचं भाडं घेणारीही कंपनीच. मंदीत पगार कापले आणि घरभाडं तेवढंच ठेवलं, तेव्हा १८९४ मध्ये कामगारांनी संप केला आणि तो अमेरिकाभर पसरला. आपल्याकडे वाडी वसत होती त्याच वर्षांत तिकडे साकचीच्या रानात टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता. वाडी त्याच्या तुलनेत अगदीच लहान. पण मालक आणि मजूर यांना शेजारीशेजारी राहावं लागेल, एकाच विहिरीचं पाणी प्यावं लागेल, एवढी ती लहान होती, आणि तेच तिचं बळ ठरलं.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे बंद झाले आणि मागणी एकदम वाडीकडे वळली. पण बीड लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या निकामी तोफा आल्या आणि त्या भट्टीत गेल्या. ज्यांनी कधीकाळी गडांवरून तोंडं बाहेर काढली असतील, त्यांचे फाळ होऊन ते देशावरच्या रानांत उतरले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरामागून भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, उसाचे चरक, हातपंप आणि १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परतले.

आता एक वेगळीच गोष्ट. १९२० मध्येच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्रक निघू लागलं. गिऱ्हाइकांना आणि एजंटांना मालाची माहिती द्यावी एवढाच त्याचा हेतू होता. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकार शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. त्यांनी त्या पत्रकाचं बघता बघता मासिक केलं. १९२९ पासून नुसतं ‘किर्लोस्कर’, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे, देवभोळेपणावर कोरडे ओढणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये येत होते. बालविवाह, विधवांची स्थिती, जोडीदाराची निवड, संततिनियमन हे विषय मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतही दबकत बोलले जात, तेव्हा ते एका आडस्टेशनावरच्या छापखान्यातून छापून पोस्टाने घरोघरी जात होते. या मासिकांचा पत्ता वाचून कितीतरी मराठी घरांना किर्लोस्करवाडी हे मोठं शहर वाटलं असेल. घराण्याला हे वळण नवं नव्हतं. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्करही गुर्लहोसूरचेच.

राजांनी एकाच उद्योगाला आसरा दिला असंही नाही. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना कराड रोड स्टेशनाजवळ औंधच्याच हद्दीत आणि औंधच्याच मदतीने उभा राहिला आणि त्या वस्तीची ओगलेवाडी झाली. प्रभाकर कंदील तिथला. वीज यायच्या आधी महाराष्ट्रातलं क्वचितच एखादं खेडं त्याच्या उजेडावाचून राहिलं असेल. नकाशा पाहिला की लक्षात येतं: राजाची जमीन जिथे रेल्वेला टेकली, तिथे तिथे कारखाना निघाला.

१९३८ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सत्तरीत, बाळासाहेबांनी याहून मोठा शब्द दिला. राज्य प्रजेच्या हाती सोपवायचं. यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले, म्हैसूर संस्थानात कारखाना चालवणारे आणि संन्यास घेतलेले इंजिनियर होते. दोघे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. मसुदा तिथे घडला. पाच पंचांची गावपंचायत, तिच्यावर तालुका, तालुक्यातून निवडून गेलेल्यांची विधिमंडळ सभा. न्यायनिवाडा शक्यतो गावातच. राजाच्या खर्चाला मर्यादा. मतदाराला लिहिता-वाचता यावं असा गांधीजींचा आग्रह होता, म्हणून गावोगाव प्रौढांचे वर्ग सुरू झाले. २१ जानेवारी १९३९ रोजी ही घटना अमलात आली. हिंदुस्थानात साडेपाचशेवर संस्थानं होती. त्यांतल्या अनेकांचे राजे त्या वर्षी प्रजापरिषदांच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकण्यात गुंतले होते.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. जन्मठेपेचे कैदी तिथे बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय, बायकामुलांसह शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ या शांतारामबापूंच्या १९५७ च्या चित्रपटाचं मूळ तिथे आहे. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते त्याच मुलखात वाढलेले. त्यांच्या शाळेच्या वाटेवर कुंडलही होतं आणि औंधही. स्वतंत्रपूरचं श्रेय फ्रिडमन आणि राजांना द्यायलाच हवं. पण त्याआधी तीस वर्षं याच संस्थानात दोन शिक्षा भोगलेल्या माणसांनी कारखान्याची रात्रपाळी सांभाळून दाखवली होती, हे मला त्यासोबत सांगावंसं वाटतं.

मग १९४२ आलं. ऑगस्टच्या हाकेनंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदाराने गांधी टोपी घातली. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण पडले. १० तारखेला इस्लामपूरला पुन्हा गोळी चालली. तिथे दोघांनी प्राण दिले: कामेरीचे विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर पंड्या. गुजराती आडनावाचा हा तरुण नोकरीसाठी या मुलखात आला आणि इथल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात, त्यांच्या बरोबरीने मरण पावला. हुतात्म्यांच्या यादीत एक नाव एवढीच त्याची आठवण उरावी, याचं मला वाईट वाटतं.

मोर्चे चिरडले गेले तसे लोक भूमिगत झाले. १९४३ च्या मध्यापर्यंत त्यातून प्रतिसरकार आकाराला आलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, तलाठ्याची नोकरी १९३० मध्येच सोडून आलेले, हे त्याचं सर्वमान्य नाव. पण त्याची तरुण फळी मोठ्या प्रमाणात कुंडलची होती. जी. डी. बापू लाड तेव्हा विशीत होते. प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचा, तुफान सेनेचा, गाडा त्यांच्याकडे होता आणि तिचं शिक्षण कुंडलच्या रानात चाले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पुणे-मिरज गाडी अडवली आणि सरकारी खजिना काढून घेतला, त्यात कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड पुढे होते. जी गाडी वाडीला बीड आणून देत होती, त्याच मार्गावरची ही गोष्ट.

कुंडलच का? गावात चळवळीची माणसं होती, हे पहिलं कारण. दुसरं कारण पुन्हा त्या तुकड्यांच्या नकाशात आहे. कुंडल औंधच्या हद्दीत होतं. इंग्रजी पोलीस तासगाव-वाळव्याकडून पाठलागावर आले की भूमिगत माणूस ओढा ओलांडून दुसऱ्या राज्यात पोचायचा. तिथे परवाने लागायचे, दरबाराशी पत्रव्यवहार करावा लागायचा, आणि औंध दरबारची सहानुभूती कुणीकडे आहे हे काही लपून राहिलं नव्हतं. पंचायतींनी निवाडे करायचे याची सवय या गावांना १९३९ पासून लागली होती. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी सावकार, दारू गाळणारे, बायकांवर हात टाकणारे यांचे निवाडे केले, त्यात क्रौर्यही झालं. पायांवर काठ्या पडल्या. पण कोर्टात न जाता गावात न्याय होऊ शकतो ही कल्पना कुंडलकरांना परकी नव्हती. कमी खर्चाची गांधी लग्नं लागली. १९४५ च्या मे महिन्यात खुद्द जी. डी. बापूंचं लग्न कुंडलला त्याच पद्धतीने, हजारोंच्या साक्षीने लागलं, आणि नवरदेव तेव्हाही सरकारला हवा होता.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला सोपा आहे, कारण तो अभिमानाचा आहे. पुढचं पान मिटून ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या शेकडो गावांत ब्राह्मणांची घरं पेटली. जमाव किर्लोस्करवाडीवरही चालून आला आणि कारखान्याला आग लावली गेली. सहा वर्षांपूर्वी ज्या कारखान्यातला माणूस याच मुलखासाठी गोळी खाऊन पडला, जिथे जातीचा विटाळ पहिल्या दिवसापासून बंद होता, तो कारखाना जातीचा हिशेब करून जाळला गेला. त्या जमावाला गांधीजींचं नाव घेण्याचा काहीही अधिकार नव्हता, असं मी स्पष्ट म्हणेन. त्याबरोबर हेही खरं, की कूळ, सावकार, कुलकर्णी यांच्या नात्यात पिढ्यानपिढ्या साचलेला राग त्या आठवड्यात बाहेर पडला, आणि वाडीने आपल्या कुंपणाच्या आत जे बदललं होतं ते कुंपणाच्या बाहेर बदललेलं नव्हतं. औंधला १९१८ पासून वेदांचं काम करत बसलेले पंडित सातवळेकर त्याच वर्षी गुजरातेत पारडीला निघून गेले. वाडी मात्र हलली नाही. भट्ट्या पुन्हा पेटल्या.

जळिताची राख निघते न निघते तोच ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. जी सीमा राजाने कुणाला कर्ज देऊन, कुणाला आसरा देऊन चांगल्या कामी लावली, ती पुसली गेली. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला, त्यात कुंडल आणि आटपाडी गेले आणि औंध साताऱ्यात राहिलं. १९६० च्या नोव्हेंबरात दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पुढे पलूस तालुका झाला आणि वाडी त्यात आली. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले, लक्ष्मणराव १९५६ मध्ये पुण्यात. मासिकंही पुण्याला गेली. अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत झाले.

कुंडल रोड हे स्टेशनाचं नाव कधीच मागे पडलं. आज पाटीवर किर्लोस्करवाडी आहे. कारखान्यात अजून पंप बनतात. त्यापासून थोड्याच अंतरावर, कुंडलला, जी. डी. बापूंच्या नावाचा सहकारी साखर कारखाना चालतो. आसपासच्या शिवारांत निवडुंगाच्या जागी ऊस उभा आहे आणि त्याला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून आणलं जातं.